रकाना एक, चाकं दोन

नमुना क्रमांक सातमध्ये 'चाकाचा आकार (इंच)' असा एकच रकाना होता आणि पाचग्रॅम यांच्या सायकलीला दोन मापांची दोन चाकं होती. पुढचं वीस, मागचं सव्वीस. पुढचं सगळं रामायण एवढ्यावरून घडलं.

पाचग्रॅम हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते बाजारानं ठेवलेलं. वजनमापे खात्यात चोवीस वर्षं निरीक्षक असलेल्या या माणसानं एका बटाटेवालीवर, किलोमागं पाच ग्रॅम कमी भरले म्हणून एकदा केस केली, मग दुसऱ्यांदा केली, आणि तिनं तोंडावर शिव्या घातल्या तेव्हा शांतपणे तिसऱ्यांदा केली. तेव्हापासून हे नाव. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. मनातून त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. 'थोडा' हा शब्द मात्र त्यांना चालला नसता. थोडा म्हणजे किती, असं त्यांनी लगेच विचारलं असतं.

आता सायकल. पाचग्रॅम यांच्या मणक्यातली एक चकती जागची हलली होती आणि डॉक्टरांनी स्कूटर बंद, साधी सायकल बंद, ताठ बसणंही बंद असं सांगून टाकलं होतं. "मागं रेलून जे जमेल ते करा," असं म्हणून डॉक्टर मोकळे झाले. मागं रेलून माणसाला काय जमतं? पाचग्रॅम यांनी शोधून शोधून एक आडवी सायकल आणली. आरामखुर्चीला पुढंमागं चाकं लावावीत आणि पॅडल पायांसमोर, जवळपास छातीच्या उंचीवर यावीत, असा तो प्रकार. पुढचं लहान चाक पोटऱ्यांच्या खाली. रस्त्यानं जाताना पेशंट आपलं स्ट्रेचर आपणच चालवत निघालाय असं दिसायचं. लोक हसायचे. हसू देत. पाठ दुखत नव्हती आणि फिरती चालू होती, आणि फिरती चालू राहणं हाच सगळा प्रश्न होता.

कारण मोठ्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. "फिरती झेपत नसेल तर रेकॉर्ड रूम घ्या. पेटी दुसऱ्याकडे देऊ."

रेकॉर्ड रूम तळघरात होती. तिथं जप्त केलेले काटे आणि जप्त केलेली माणसं ठेवत. आणि पेटी म्हणजे खात्याच्या प्रमाण वजनांची पेटी. आत मखमलीच्या खाचांत सगळी मिळून दहा किलोची पितळी वजनं, पाच किलोपासून एक ग्रॅमपर्यंत. दर शनिवारी पाचग्रॅम ती मऊ फडक्यानं पुसत. एवढ्या हळुवारपणे त्यांनी आपला चष्मासुद्धा कधी पुसला नव्हता. ती पेटी दुसऱ्याच्या हातात जाणार, हा विचार त्यांना चकतीपेक्षा जास्त दुखत होता.

तर गुरुवारी अकरा वाजता पेटीसह, स्वतःच्या वाहनानं, बाजाराची चढण चढून वरच्या दरवाजाशी यायचं. मोठे साहेब तिथं उभे राहून बघणार. जमलं तर 'सक्षम' म्हणून सही, नाहीतर तळघर. आणि त्याआधी सोमवारी नमुना सात भरायचा.

"दोन चाकं, दोन मापं," पाचग्रॅम आस्थापनेच्या लिपिकाला म्हणाले. "काय लिहू?"

"एकच लिहा."

"कुठलं?"

"मोठं लिहा. मोठं बरं दिसतं."

"पण पुढचं वीस आहे."

"मग सरासरी काढा. तेवीस लिहा आणि विषय संपवा."

"तेवीस इंची चाक या सायकलीला आहे कुठं?"

लिपिकानं पेन खाली ठेवलं. "साहेब, फॉर्म सायकल बघायला येत नाही."

दुसरा कुणीही तेवीस लिहून चहाला गेला असता. या जगात लोकांनी खोटे आकडे लिहून बढत्या घेतल्यात, इमारती उठवल्यात, आणि त्याच इमारतींत आपण बायकापोरांसकट बिनघोर झोपतो. पण ज्या माणसानं पाच ग्रॅमसाठी एका बाईच्या शिव्या खाल्ल्या, तो तीन इंचांचं खोटं स्वतःच्या सहीनं कसं लिहिणार? त्यांनी लिपिकासमोर तो रकाना रिकामा ठेवला आणि गुरुवारी भरतो म्हणून सांगितलं. जिना उतरता उतरता त्यांचा निर्णय झाला. फॉर्म बदलायचा तर अर्ज, मग समिती, मग समितीच्या चहाला मंजुरी. सायकल बदलायला एक वेल्डर पुरतो. पुढचंही चाक सव्वीस करायचं. रकाना एक, उत्तर एक.

"शिवाय," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "वरच्या दरवाजाशी गटाराची जाळी आहे. लहान चाक तिच्यात अडकतं. मोठं वरून निघून जाईल."

बायको शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या असल्यामुळं ती कमी बोलायची, पण जे बोलायची ते टोचायचं. तिनं टाचण्या काढून हातावर घेतल्या. "अहो, मग जाळीच्या बाजूनं जा ना. त्यासाठी सायकल कशाला मोडताय?"

"मोडत नाहीये. दुरुस्त करतोय."

"बिघडलंय काय तिचं?"

उत्तर नसलं की पाचग्रॅम चपला घालत.

सायकलच्या दुकानात त्यांनी सव्वीस इंची चाक मागितलं. दुकानदारानं काढून दिलं. टायरवर ठसठशीत २६ उठवलेलं होतं. पाचग्रॅम यांनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं आणि चाक घेतलं. मोजलं नाही. दुसऱ्याची मापटी हातात आली की उलटीसुलटी करून बघणाऱ्या या माणसानं स्वतःची वस्तू घेताना खिशातली टेप बाहेर काढली नाही. का, तर छापलेला आकडा खरा असतो, या एका विश्वासावर त्यांची नोकरी उभी होती. देवळात शिरल्यावर देव आत आहे ना, असं पुजारी थोडाच तपासतो?

वेल्डरनं चाक चिमट्याला लावून बघितलं. चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्या दोन दांड्यांत धरलेलं असतं तो. चाक त्यात शिरेना.

"चिमटा कापून लांब करावा लागेल," वेल्डर म्हणाला. "मग नाक वर येईल थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे..." वेल्डरनं दोन बोटांत अंतर दाखवलं, मग विचार करून बोटं आणखी फाकवली. "थोडं."

"आणि ब्रेक?"

"पुढचा ब्रेक आता चाकाला पुरणार नाही. मागचा आहे की. वेळ पडली तर पाय टेकायचे."

"अहो, माझे पाय वर असतात!"

"मग नका वेळ पडू देऊ," वेल्डर म्हणाला आणि त्यानं काचेचा मुखवटा तोंडावर ओढला. संभाषण संपवायची इतकी चांगली सोय दुसऱ्या कुठल्याही धंद्यात नाही.

मंगळवारी संध्याकाळी इमारतीच्या आवारात चाचणी झाली. पाचग्रॅम सीटवर रेलले आणि त्यांना पहिल्यांदा कळलं की 'थोडं' म्हणजे किती. नाक पाच इंच वर आलं, म्हणून सीट तेवढी मागं झुकली, म्हणून ते स्वतः मागं झुकले, आणि त्यांना समोर रस्त्याऐवजी आकाश दिसायला लागलं. आकाश, पाण्याची टाकी आणि तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या दोन चादरी. रस्ता कुठंतरी खाली होता, असं त्यांना आठवत होतं.

वळायला गेले तर आणखी एक गंमत. मोठं चाक पोटऱ्यांखाली फिरतं, त्यामुळं वळताना टाच टायरला घासायला लागली. सायकल वळायच्या ऐवजी करकरत थांबायची. सरळ जाताना चालते आणि वळताना थांबते, असं वाहन खात्यात दुसरं नव्हतं. माणसं बरीच होती.

आवारात गर्दी जमली. कुणाच्या घरात आजारपण आलं तर या इमारतीत चिटपाखरू फिरकत नाही, पण कुणाची फजिती म्हटली की लिफ्टला रांग लागते. पहिल्या मजल्यावरचे पूलकाका गॅलरीतूनच सुरू झाले. पूलकाका म्हणजे आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यातले किती उभे आहेत हे त्यांना कुणी विचारायचं नाही.

"अहो, साधं गणित आहे!" पूलकाका ओरडले. "पुढून उचललीत, आता मागूनही उचला. मागं अठ्ठावीस टाका. लेव्हल येईल."

"काका, मग पुन्हा दोन मापं झाली ना!"

"झाली तर झाली. रस्ता तर दिसेल!"

"रकान्यात काय लिहू?"

"कसला रकाना?"

पाचग्रॅम यांनी आडव्या आडव्याच सगळी हकिकत सांगितली. पूलकाकांनी डोकं हलवलं आणि म्हणाले, "पालथं झोपून चालवून बघा." मग आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

बुधवारी बायकोनं खालचं बघायला हातातला आरसा सीटच्या दांडीला दोऱ्यानं बांधून दिला. त्यात पाचग्रॅम यांना आपली हनुवटी दिसली, तीही नीट दाढी न झालेली. बांधता बांधता बायकोनं सवयीनं गळ्यातली टेप काढली आणि पुढच्या चाकाला लावली. मग मागच्या. मग पुन्हा पुढच्या.

"अहो, हे साडेपंचवीसच भरतंय."

"काय?"

"मागचं सव्वीस. पुढचं साडेपंचवीस."

"तुझी टेप ताणलेली असेल."

"अर्धा इंच चुकला की माझी गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहतात," ती म्हणाली. "तुमच्या खात्यासारखं नाही माझं."

पाचग्रॅम यांनी खिशातली स्वतःची, शिक्का मारलेली टेप काढली. साडेपंचवीस. ते चाक काढून, बगलेत घेऊन, पाठीवर हात धरून चालत दुकानात गेले आणि गल्ल्यावर ते चाक ठेवून म्हणाले, "यावर सव्वीस छापलंय."

"मग? सव्वीसच आहे."

"साडेपंचवीस भरतं."

दुकानदार हसला. त्याच्या हसण्यात लबाडी नव्हती आणि तेच जास्त झोंबणारं होतं. "साहेब, सव्वीस हे त्याचं नाव आहे हो. माप नव्हे. सव्वीसात चार-पाच जाती येतात, कुणी अर्धा इंच कमी, कुणी जास्त. सगळ्यांना सव्वीसच म्हणतात. जगभर असंच आहे."

जगभर असंच आहे! चोवीस वर्षं या माणसानं बाजारातल्या गरिबांच्या मानेवर पाच ग्रॅमचा काटा धरला, आणि तिकडं कुठल्यातरी कारखान्यात बसून कुणीतरी अर्धा अर्धा इंच सर्रास गिळत होता, वर त्याला नाव म्हणत होता. आणि त्याच्यावर केस करायला पाचग्रॅम यांची फिरती तिथवर पोचत नव्हती. ते चाक बगलेत मारून परत आले आणि त्यांनी ते बसवलं. दुसरं चाक शोधायला वेळ नव्हता. जुनं लावावं तर चिमटा कापलेला, आणि वेल्डर दुकान बंद करून सासुरवाडीला गेलेला.

"नका जाऊ उद्या," बायको म्हणाली. टाचण्या तोंडात नव्हत्या. "तळघर तर तळघर. बसून काम करा, पाठ तर शाबूत राहील."

"तिथं काही करायला नसतं गं," पाचग्रॅम म्हणाले. "नुसतं असायचं असतं."

पेटी बांधायला मग तिनंच आपल्या शिलाईच्या जाड पट्ट्या काढून दिल्या.

गुरुवारी साडेदहाला पाचग्रॅम निघाले. मागं कॅरियरवर पेटी. सपाटीवर निभावलं. आरशात हनुवटी होती, वर ढग होते, आणि माणसं आपणहून बाजूला होत होती, कारण बघत न येणाऱ्या माणसाला सगळेच वाट देतात. बाजाराच्या तोंडाशी चढण सुरू झाली. त्यांनी जोर लावला आणि मागच्या दहा किलो पितळेनं आपलं काम केलं. पुढचं चाक सावकाश जमिनीवरून उठलं. सायकल मागच्या चाकावर बसली. पाचग्रॅम पाय आभाळाकडं करून, पॅडल मारत, जागच्या जागी पडून राहिले.

बरोब्बर बटाटेवालीच्या दुकानासमोर.

पहिल्यांदा ती हसली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तीन केसचं सगळं हसून घेतलं तिनं. मग उठून आली आणि पुढचं टोक हातानं खाली दाबून धरलं.

"कुठं निघालाय साहेब, वरती?" ती आभाळाकडं बघून म्हणाली.

"वरच्या दरवाजाशी. अकराला पोचलो नाही तर फिरती गेली. रेकॉर्ड रूममध्ये टाकणार."

"मग आमच्याकडं कोण येणार?"

"दुसरा कुणीतरी."

तिनं क्षणभर विचार केला. आता ती खूश होईल असं पाचग्रॅम यांना वाटलं. ते न्याय्यच झालं असतं.

"त्या दुसऱ्याला पाकीट द्यावं लागंल," बटाटेवाली म्हणाली. "तुम्ही परवडता." तिनं तराजू ओढला, बटाटे मोजले, पिशवीत भरले आणि दिव्यासाठी पुढं काढलेल्या खुंटीला ती पिशवी अडकवली. नाक खाली बसलं. "मागं दहा, पुढं पाच. लांब दांडीला कमी वजन पुरतं. पाच किलो मोजून दिलेत, वर आले की मोजून परत घेणार."

"पण मला रस्ता दिसत नाही."

"वळायचंय का कुठं?"

"वळता येत नाही."

"मग झालं की. सरळच तर आहे." आणि तिनं तोंडाशी हात धरून चढणीकडं आरोळी दिली, "ओ, साहेबांना दिसत नाही! सांगत ऱ्हा!"

मग जे झालं ते पाचग्रॅम यांनी आयुष्यात कुठल्याच अहवालात लिहिलं नाही. ज्या ज्या दुकानावर त्यांनी कधी ना कधी केस केली होती, त्या त्या दुकानातून आवाज आला.

"साहेब, वीतभर डावीकडं!" पीठगिरणीवाला.

"वीतभर म्हणजे किती?"

"अहो, वीतभर म्हणजे वीतभर! घ्या!"

"आता दोन बोटं उजवीकडं!" तेलवाला.

"हातभर जागा आहे, घाबरू नका!" सोनार. याच्या काट्याला त्यांनी दोनदा सील ठोकलं होतं.

वीत, बोट, हात, मूठ, ओंजळ. चोवीस वर्षं पाचग्रॅम यांनी ही मापं या बाजारातून हद्दपार करायला घाम गाळला होता. आज आभाळाकडं तोंड करून ते त्यांच्याच भरवशावर चढण चढत होते. एकाही माणसाचं वीतभर चुकलं नाही. वरची जाळी आली आणि मोठं चाक तिच्यावरून खडखडत निघून गेलं. एवढं एक मात्र त्यांनी म्हटल्याप्रमाणं झालं. मागचा एकटा ब्रेक पुरेना, मग त्यांनी मुद्दाम वळायचा प्रयत्न केला, टाच घासली आणि सायकल मोठ्या साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर थांबली.

"अकरा वाजून दोन मिनिटं," मोठे साहेब म्हणाले. "ठीक आहे. कुठं करायची सही?"

शेजारी लिपिक नमुना सात घेऊन उभा होता. पाचग्रॅम सीटवरून उठले, पाठ सरळ केली, आणि रेकॉर्ड रूमचं दार डोळ्यांसमोर आणून म्हणाले, "साहेब, त्याआधी चाकाच्या रकान्याबद्दल सांगायचंय. पुढच्यावर सव्वीस छापलंय, पण ते साडेपंचवीस भरतं."

"कुठला रकाना?" मोठ्या साहेबांनी लिपिकाकडं बघितलं.

"तो होय?" लिपिक म्हणाला. "रिकामा दिसला म्हणून मी सोमवारीच 'लागू नाही' लिहून टाकलं."

पाचग्रॅम यांनी त्याच्याकडं बघितलं. कापलेला चिमटा, गेलेला ब्रेक, झिजलेली टाच, इमारतीतली अब्रू. लागू नाही. खून करणाऱ्या माणसांबद्दल त्यांना त्या क्षणी प्रथमच आतून काहीतरी समजलं.

पण मोठ्या साहेबांची नजर खुंटीवर गेली होती. "हे काय लटकवलंय?"

"बटाटे."

"कुणाचे?"

"माझे," मागून धापा टाकत बटाटेवाली आली. तराजू खांद्यावर. "नाक खाली ऱ्हायला दिलेत."

"म्हणजे निरीक्षक दुकानदाराकडून माल घेतो?" मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हे भलतंच प्रकरण आहे."

"घेत कुठं? परत न्यायलाच आलेय. पाच किलो."

"पाचच आहेत कशावरून? कमी भरले तर तुझ्यावर केस, जास्त भरले तर यांच्यावर. मोजा."

पाचग्रॅम यांनी पेटी उघडली. आधी तिचा तराजू रिकामा धरून बघितला. दांडी सरळ. पारडी बदलून बघितली. सरळ. एका पारड्यात पाच किलोचं पितळी वजन, दुसऱ्यात तिचे बटाटे. दांडी हलली, थांबली आणि बटाट्यांच्या बाजूला खाली गेली.

"जास्त!" लिपिक म्हणाला. त्याला फार आनंद झाला.

पाचग्रॅम यांनी एक बटाटा उचलून बाजूला ठेवला. दांडी सरळ झाली.

"हा एक कसला?" मोठे साहेब म्हणाले.

"वरताळा," बटाटेवाली म्हणाली. मग समजलं नाही असं वाटून तिनं फोड केली. "मापाच्या वर घातला. चढ मोठा, साहेबांची पाठ तसली. पडू नयेत म्हणून."

पाचग्रॅम यांनी वही काढली. बटाटेवालीचा चेहरा उतरला. "आता जास्त दिल्याचीपण केस का?"

"तराजू तपासला," पाचग्रॅम लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले. त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता. "बरोबर आढळला. माल पाच किलो, मालकिणीस परत. हात जड आढळला." ते थांबले. "हात जड असण्याला कलम नाही."

त्यांनी वही मोठ्या साहेबांपुढं धरली. मोठ्या साहेबांनी ती दोनदा वाचली, टोपण काढलं आणि नमुना सातवर सही केली. 'सक्षम'.

पाचग्रॅम यांनी पेटी बंद केली, पट्ट्या आवळल्या आणि तो एक बटाटा बटाटेवालीच्या हातात दिला. ती पिशवी उचलून खांद्याला लावत होती, तेवढ्यात दोघांचंही एकदम चढणीकडं लक्ष गेलं. येताना जी चढण होती तो जाताना उतार होता.

"पुढचा ब्रेक आहे ना, भाऊ?" बटाटेवालीनं विचारलं.

साहेबचं भाऊ कधी झालं ते पाचग्रॅम यांच्या लक्षात आलं नाही. ते सीटवर रेलले. आभाळ पुन्हा समोर आलं.

"नाही," ते म्हणाले.

तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि बाजाराकडं तोंड करून जीव तोडून ओरडली, "सरका! सगळे मागं सरका! पाचग्रॅमसाहेब उतरतायत!" मग तोंडावर नाव घेतलं म्हणून जीभ चावली आणि हळूच विचारलं, "किती सरकायला सांगू? वीतभर?"

"दोन हात," पाचग्रॅम आभाळाकडं बघत म्हणाले. "आणि त्यांना म्हणावं, वरताळा घालून."